अकरा टॉवेल घेऊन उजनीला: एका होडीच्या वासाचा पाठलाग

लोक उजनीला फ्लेमिंगो बघायला जातात. मी एका होडीच्या संडासाचा वास घ्यायला गेले. स्कूटीवर, चार रात्रींच्या मुक्कामाला. रस्ता, खर्च, खाणंपिणं सगळं खाली येईलच. पण कुणी नुसते पक्षी बघायला हा लेख उघडला असेल तर आधीच सांगते, पक्ष्यांचा भाग फार थोडा आहे आणि तोही मध्येच घुसलाय.

जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची जत्रा उठून आठवडा झाला होता. मी कामावर होते तेव्हा दुधनीच्या रेवणमामाचा फोन आला.

"लीला, तुझं नाक लागनार हाय."

"कुटं?"

"उजनीला. सोमवारी तुझी मामी येनार हाय होडीवर. त्याच्या आत वास कुटनं येतोय ते सापडलं पायजे. न्हायतर होडी गेली म्हनून समज."

नाकाचं आधी सांगते. माझं शिक्षण बीकॉमच्या दुसऱ्या वर्षात अडकलं ते अडकलंच. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी तीन वर्षं वास घ्यायचं काम करते. एकदा परदेशी गेलेला माल वास येतो म्हणून परत आला होता, तेव्हापासून गठ्ठा बांधायच्या आधी प्रत्येक ढिगातला एक टॉवेल मी नाकाला लावते. मागाचं तेल, दमटपणा, न धुतलेला साबण, विणणाऱ्याची तंबाखू, सगळं कळतं. घरी, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, याची किंमत शून्य आहे. मामाला तेवढी होती.

आता मामाचं. तो हिवताप विभागात होता. तीस वर्षं गावोगाव फिरून लोकांच्या पाण्याच्या बॅरलमध्ये डोकावायचं, अळ्या दिसल्या की पाणी ओतायला लावायचं, आणि संडासाच्या टाकीवर जो उंच गॅस पाइप असतो त्याच्या तोंडाला जाळी बांधायची, म्हणजे आत डास व्हायला नकोत. काम झालं की घराच्या भिंतीवर गेरूचा चौकोन काढून आत तारीख आणि सही. दुधनीपासून बोरीपर्यंत कितीतरी भिंतींवर माझ्या मामाची सही आहे.

निवृत्त झाल्यावर लोक घरावर मजला चढवतात. मामानं कोकणातून एक जुनी शिडाची होडी आणली. दुधनीत तूर आहे, बाजार आहे, पण होडी घालायला पाणी कुठंय. म्हणून ती थेट उजनीच्या पाणफुगवट्यावर, करमाळ्याच्या बाजूला नेऊन ठेवली. सगळे म्हणाले रेवण येडा झाला. मीही म्हणाले. मग त्यानं मला कारण सांगितलं.

महानंदामामी आयुष्यात कुठं गेली नाही. देव नाही, समुद्र नाही, माहेरची लग्नंसुद्धा अर्धीच. का, तर वाटेत जायचं कुठं. एसटीनं सोलापूरला यायचं असलं तरी ती आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करते. माझ्या बारशाला कोरड्या घशानं आली आणि संध्याकाळच्या गाडीनं कोरड्याच घशानं परत गेली, असं आई सांगते. आणि हा माणूस तीस वर्षं दुसऱ्यांचे संडास तपासत फिरला. तेव्हा त्यानं ठरवलं होतं की बायकोला फिरवायचं तर संडास बरोबर घेऊनच फिरवायचं. मासेमारीच्या होड्यांना तो नसतो. या होडीला होता.

फक्त तो घाण मारत होता. मामी दिवाळीत एकदा आली, पाच मिनिटं आत बसली, "साकु" म्हणाली आणि काठावर चढली. कानडीत साकु म्हणजे पुरे. मामी ज्या आवाजात म्हणते त्यात ते फार पुरे होतं. आता सोमवारी शेवटची संधी. त्यानंतर होडी बाळूशेठची. बाळूशेठ वाटेत भेटतील.

शुक्रवारी सकाळी आधी कारखान्यात गेले. डागी टॉवेल तिथं किलोवर मिळतात. शेठ गादीवर बसून चहा पीत होते.

"किती पायजेत?"

"अकरा."

"कुनाचं लगीन काडलंय?"

"न्हाय, वास घ्यायचाय."

शेठनी पुढं काही विचारलं नाही. वास घ्यायचाच पगार देतात मला.

टॉवेल का, तेही इथंच सांगते. मोबाइलवर भलतंच काहीतरी बघता बघता मला एकदा एक परदेशी म्हातारा दिसला होता. तो होडीच्या पाइपांना गरम ओल्या फडक्यानं शेकत होता. भाषा अर्धी कळली, पण मुद्दा कळला. अशा होडीत संडासापासून एक पाइप टाकीकडं जातो. त्यात घाण साचून राहिली की काही महिन्यांनी वास पाइपच्या जाडीतूनच झिरपायला लागतो. बाहेरून पाइप स्वच्छ दिसतो, कुठं गळत नाही, पण अंगाला वास. म्हणून फडकं गरम पाण्यात बुडवायचं, घट्ट पिळायचं, पाइपला गुंडाळायचं, गार होऊ द्यायचं, मग लांब मोकळ्या हवेत नेऊन नाकाला लावायचं. फडक्याला वास लागला तर तो पाइप गेला. फडक्याचं काम टॉवेल जास्त चांगलं करणार, हे सोलापूरच्या माणसाला कुणी सांगायची गरज नाही.

सोलापूर ते टेंभुर्णी हायवे चांगला आहे, स्कूटीला टोल नाही. तोंडाला मी बारावा टॉवेल बांधला होता, तो मोजणीत नाही. मोडनिंबच्या पुढं एक धाबा लागतो, त्याच्या गच्चीवर फायबरचा जिराफ आहे. जिराफाशेजारी विमान आहे. विमानाच्या शेजारी मोकळी जागा आहे, आणि ती मोकळी जागा म्हणजे माझ्या मामाची होडी. बाळूशेठ स्वतः बाहेर आले. गोल माणूस, खिशात मोजपट्टी.

"रेवणअप्पाची भाची न्हवं? चा घे. मी गच्ची मोजून ठिवलीया. शीड उबं केलं तर पार इंदापूरवरनं दिसंल."

"होडीला संडास आहे हां शेठ."

"असू दे की. वर कोन जातंय. फोटो काडायला लोक खालीच थांबतेत." मग जरा जवळ येऊन म्हणाले, "सोमवारी धा वाजता टरॅक्टर घिऊन येतो. वास आला तर नेतो, न्हाय आला तर शेवभाजी खाऊन जातो. आपलं काय भांडान न्हाय."

शेवभाजी आणि दोन चपात्या शंभर रुपये, कांदा वर मागून घ्यावा. चांगली होती. मला राग यायला हवा होता, पण ती भाजी खाल्ल्यावर जमत नाही.

टेंभुर्णीला उजवीकडं वळायचं आणि सरळ करमाळ्याच्या दिशेनं जायचं. मी सरळ गेले नाही. पाटीवर केम दिसलं आणि आठवलं की केमचं कुंकू प्रसिद्ध आहे, मामीला न्यावं. या कुंकवानं माझे अडीच तास खाल्ले, कारण तिथं एका घरात हळदीचं कुंकू कसं होतं ते बघत बसले. तुम्ही जाल तर जरूर बघा. फक्त सोमवारची मुदत डोक्यावर नसताना.

उन्हं कलताना पाण्यावर पोचले. पाणफुगवटा पहिल्यांदा बघताना धरण आहे असं वाटतच नाही, उसाचे फड थेट पाण्यात उतरतात आणि मध्येच कुठं जुन्या गावाच्या देवळाचं टोक वर आलेलं असतं. दगडूतात्यांच्या घराजवळ होडी बांधलेली होती. तात्या मासेमारी करतात आणि सुटीच्या दिवशी पाहुण्यांना पक्षी दाखवतात. माझी झोपायची सोय त्यांच्याच घरी केली होती.

होडी पांढरी, बावीस फूट, नाव "महानंदा". लिहिणाऱ्याला शेवटी जागा पुरली नव्हती, म्हणून दा जरा बारका. मागच्या अंगाला पाण्याच्या वर हातभर एक बोंडासारखा रंगवलेला गोळा होता आणि त्याच्या शेजारी गेरूचा चौकोन, आत तारीख आणि मामाची सही. मला हसू आलं. माणूस निवृत्त झाला तरी हात निवृत्त होत नाही. मी त्याचा फोटोही काढला. तो फोटो मी दोन दिवस खिशात घेऊन फिरले आणि मला काही कळलं नाही, हे लिहिताना आता लाज वाटते.

आत उतरले, मामा तिथंच होता. वास म्हणजे काय सांगू. कुजलेलं अंडं, त्याच्यावर फिनेल, डांबरगोळ्या, कापूर, उदबत्ती, आणि सगळ्याच्या मागं पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर.

"मामा, काय काय टाकलंस?"

"जे जे मानूस सांगंल ते."

"टाकीत टीसीएल?"

"जंतू मराय नकोत?"

मी म्हटलं बघू. आधी सगळी रचना समजून घेतली. पुढच्या टोकाला कपाटाएवढा संडास, शेजारी हातानं मारायचा पंप. पंपाच्या मागून पाइप निघून झोपायच्या फळीखालच्या चाळीस लिटरच्या टाकीत जातो. टाकीतून एक जाड पाइप वर, त्याला झाकण, तिथं गाडी लावून टाकी उपसायची. आणि करंगळीएवढा एक बारीक पाइप फळ्यांच्या मागं कुठंतरी जातो. "तो हवेचा," मामा म्हणाला. मी मान हलवली आणि पुढं गेले.

मी विचारलं, एवढी टाकी कशाला, बाकीचे तर सरळ पाण्यातच सोडतात.

मामानं माझ्याकडं अशी नजर टाकली की जणू मी उघडा बॅरल ठेवलाय. "हे पानी कुटं जातंय?"

"सोलापूरला."

"कोन पितंय?"

"आमी."

"मग? एक थेंब पडू देनार न्हाय मी ह्यात."

शनिवारी सकाळी चुलीवर पातेलं ठेवलं आणि टॉवेल लावायला सुरुवात केली. प्रत्येकावर कारखान्यातली तपासणीची चिठ्ठी चिकटवली, एक ते दहा. अकरावा कोरडा बाजूला ठेवला, का ते माहीत नव्हतं. पंपाला एक, टाकीच्या सांध्याला एक, पाइपला हात हात अंतरावर पाच, असं करत होडीचं सगळं पोट बांधून टाकलं. दगडूतात्या काठावरून बघत होते.

"ताप हाय का हिला?"

"व्हय तात्या, घाम काडतोय."

तात्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि जाळं विणायला लागले.

एकेक टॉवेल सोडून मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन, डोळे मिटून वास घेत होते, तेवढ्यात पुण्याची पक्षी बघणारी मंडळी आली. गळ्यात नळकांड्याएवढे कॅमेरे. त्यातल्या एकानं फार अदबीनं विचारलं, "मॅडम, आपण पाण्याचं सर्वेक्षण करताय का?"

"नाही, पाइपाचं."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात समोरच्या उथळ पाण्यातून पाचसहाशे फ्लेमिंगो एकदम उठले, पंखाखालचा गुलाबी रंग उलगडत गेला, आणि सगळे कॅमेरे तिकडं वळले. मी तेव्हा टॉवेल नंबर सातमध्ये नाक घालून होते. हाच तो पक्ष्यांचा भाग.

सात नंबर सापडला. टाकीकडं जाताना पाइप एका जागी खाली झुकलेला होता, झोळीसारखा. तिथं पाणी कायम साचून राहायचं. सहा आणि आठ किंचित, सात म्हणजे थेट तोंडावर. बाकीचे स्वच्छ. मी मामाला सात नंबर हुंगायला दिला तर त्यानं लांब धरून मान डोलावली, माझ्यावर विश्वास आहे म्हणाला.

दुपारी टेंभुर्णीला गेलो. शेतीच्या पाइपांची दुकानं तिथं ओळीनं आहेत. दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला तो असा, "ऊस का केळी?"

मामा म्हणाला, "बायको."

दुकानदारानं वही मिटली आणि आमचं नीट ऐकून घेतलं. कडक पीव्हीसी पाइपातून वास झिरपत नाही, हे त्याच म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. म्हणून सरळ भागाला कडक पाइप आणि दोन्ही टोकांना वीतभर नवा मऊ जाड पाइप, घट्ट पट्ट्या लावून. सगळं सामान सातशेच्या आत बसलं. तुमच्याकडं अशी होडी असेल, आणि सोलापूर जिल्ह्यात अशी माणसं किती असतील मला माहीत नाही, तर एवढं ध्यानात ठेवा की पाइपला उतार द्या, कुठं झोळी होऊ देऊ नका, आणि दरवेळी दोन-तीन जादा पंप मारून पाइपातलं सगळं टाकीत जाऊ द्या.

रविवारभर पाइप बसवला. मामा फळीखाली उताणा पडून पट्ट्या आवळत होता आणि मी दिवा धरून. चारच्या सुमाराला झालं. दारं उघडून बाहेर चहा प्यायलो, आणि मग आत गेलो.

वास होताच. झिरपलेला, बुरसटलेला जो थर होता तो गेला होता, पण कुजक्या अंड्याचा तसाच, उलट आता एकटाच असल्यामुळं जास्त उठून दिसत होता. मामा पायरीवर बसला.  मग म्हणाला, "तिनं माज्या नोकरीत एक दिस तक्रार केली न्हाय, लीला. ह्या गावी जा, त्या गावी जा. घरी आलो की आंगाला औषधाचा वास, गटारीचा वास. आधी आंघोळ करा म्हनायची, बस. तेवढंच." आणि टीसीएलच्या डब्याकडं हात नेला. मी तो डबा उचलून तात्यांच्या घरी ठेवून आले.

सोमवारी नऊला टाकी उपसायची गाडी आली. टेंभुर्णीचे इसाकभाई, पन्नाशीचे, कानाला अत्तराचा बोळा. धंद्याची गरज आहे म्हणाले. जाड पाइप जोडला, यंत्र सुरू केलं. दहा सेकंद गेली असतील आणि फळीखालून डब्ब असा आवाज आला, पत्र्याचा डबा पायानं दाबल्यासारखा. इसाकभाईंनी झटक्यात यंत्र बंद केलं, आत वाकून टाकीवर हात ठेवला. टाकीचं पोट आत गेलेलं होतं.

"मामू," ते म्हणाले, "तुम्हारी टाकी कू सांस नै है."

"काय?"

"मैं अंदर का खींचरा, तो ऊपर से हवा आना ना. नै आरी. टाकी अपने कूच खारी." मग माझ्याकडं बघून, "हवा नै मिली तो अंदर सडता, बेटा. हवा मिली तो वोइच माल ठंडा पडा रहता. इसका नाक किधर है?"

नाक. मी बाहेर आले. करंगळीचा पाइप फळ्यांच्या मागून कुठं जातो ते बोटानं माग काढत गेले. तो मागच्या अंगाला, पाण्याच्या वर हातभर, बाहेर निघत होता. तिथं तो रंगवलेला गोळा होता. आणि शेजारी गेरूचा चौकोन.

"मामा, हे काय आहे?"

"जाळी हाय. गॅस पाइपला बांधाया नको? डास जातेत आत."

"नुसती जाळी?"

"दुपदरी. पानी उडतंय म्हनून वर कापड. कापड कुजू नये म्हनून तांब्याची तार. आनि वरनं रंग." हे सांगता सांगताच त्याचा आवाज हळू होत गेला.

 दगडूतात्यांनी जाळं खाली ठेवलं. मामा गुडघ्यावर बसून त्या गोळ्याकडं बघत होता. मला वाटलं आता म्हणेल की डास झाले तर जबाबदार कोण. तीस वर्षं हेच बोललाय तो.

"घराचा पाइप चार इंची असतोय," तो शेवटी म्हणाला, मला की स्वतःला कळलं नाही. "तितं जाळी बरोबरच हाय. त्यात खोटं न्हाय. ही करंगळी हाय. करंगळीला मी शाल पांघरवली."

त्यानं पक्कड मागितली. तार तोडली, रंग सोलला, कापड ओढलं. टाकीनं लांबलचक सुस्कारा सोडला. आत गेलेलं पोट डब्ब करून पुन्हा बाहेर आलं आणि जो वास सुटला तो मी वर्णन करणार नाही. पाण्यावरचे बगळे उठले. मामानं गेरूचा खडा खिशातून काढला. तो अजूनही खिशात होता. चौकोन खोडला नाही, खाली आजची तारीख घातली, "काढली" असं लिहिलं आणि सही केली.

आणि वरच्या वाटेवर जीप थांबली. मामी.

इरकलीचा पदर डोक्यावर, हातात स्टीलचा डबा. ओठ कोरडे पडलेले, म्हणजे कालपासून पाणी बंद. वारा तिच्याच दिशेनं होता. ती चार पावलं आली, थांबली, आणि म्हणाली, "ब्याडा." म्हणजे नको.

"अगं, आत्ताच सोडलाय त्यो. अर्धा तास दे."

मामी बाभळीखाली बसली. त्याच वेळी बाळूशेठचा ट्रॅक्टरही येऊन उभा राहिला, मागं रिकामी ट्रॉली. मामीनं ट्रॉलीकडं बघितलं, मामाकडं बघितलं. "माजी भाकरी खाऊन हुईस्तवर," ती म्हणाली आणि डबा उघडला.

इसाकभाईंनी टाकी उपसली, यावेळी काही वाजलं नाही. तात्या आणि मी काठावरून बादल्या वाहिल्या, दोनदा टाकी धुतली, तेही पाणी गाडीनंच ओढून घेतलं. मामानं तात्यांच्या पडवीतून आपला जुना फवारणीचा पंप आणला, धुऊन कोरडा करून ठेवलेला. त्याची नळी करंगळीच्या पाइपला लावली आणि हवा मारायला लागला. नोकरीत जसा मारायचा तसा, पाय रोवून, एका लयीत. टाकीला श्वास देत होता. बाळूशेठ मध्येच होडीची लांबी मोजत होते आणि कुणी बघितलं की मोजपट्टी पाठीमागं लपवत होते.

मी मामीकडं बघितलं. कडक भाकरी, शेंगाचटणी. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी वाळलेली, ती पाण्याशिवाय घशाखाली जाणं म्हणजे शिक्षा. मामी एक तुकडा मोडायची, बराच वेळ चावायची, पाण्याकडं बघत बसायची, मग दुसरा. पाऊण तास झाला तरी अर्धीच संपली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती वेळ देतेय.

शेवटी मी अकरावा टॉवेल घेतला. गरम पाणी, घट्ट पीळ. नव्या पाइपाला गुंडाळला, मग सांध्याला, मग टाकीला. गार झाल्यावर घेऊन मामीजवळ गेले. चार दिवस हुंगून माझं नाक कामातून गेलं होतं, माझ्यावर मी विश्वास ठेवला नसता.

"तू घे वास."

मामीनं टॉवेल दोन्ही हातांनी धरला, चेहऱ्याला लावला. मामा पंपाचा दांडा वर धरून तसाच थांबला.

"शेंगाचटनीचा येतोय," मामी म्हणाली.

"तो तुझ्या हाताचा आहे मामी."

तिनं हात पदराला पुसले आणि पुन्हा हुंगलं. "मग दुसरा न्हाय."

उठली. मामानं हात दिला तो धरून होडीत चढली, सरळ आत गेली. संडासाचं दार लावल्याचा आवाज आला. उघडल्याचा आला. बाहेर आली. बसली. मग बाजूचा तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि पाणी प्यायली. सगळा तांब्या. ओठ पुसून मामाला म्हणाली, "आनि वाईच आना की."

बाळूशेठनी मोजपट्टी खिशात घातली. "जिराफाच्या बाजूला मग इमानच दुसरं बसवावं लागतंय," म्हणाले, आणि शेवभाजी नव्हती म्हणून मामीच्या डब्यातली उरलेली भाकरी खाऊन गेले. साडेअकराला शीड वर गेलं. शीड उघडताना त्यातून दोन डांबरगोळ्या पडल्या.

मंगळवारी मी परत निघाले, ते दोघं आणखी तीन दिवस पाण्यावरच राहणार होते. येताना केमला वळले नाही. एकूण खर्च पेट्रोल, खाणं आणि टॉवेल धरून बाराशेच्या आत, पाइप आणि गाडीचे मामानं दिले. जायचं असेल तर हिवाळ्यातच जा, माशी आणि ऊन दोन्ही कमी असतं. टाकीत फिनेल किंवा टीसीएल टाकू नका, आतले कामाचे जंतू मरतात. आणि हवेचा पाइप बघा, सगळ्यात आधी बघा, मी सगळ्यात शेवटी बघितला.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर टॉवेल वाळत घातलेत. दहा धुऊन निघाले. सात नंबर तीनदा धुतला तरी वास सोडत नाही. आई म्हणते जाळ. मी तो कारखान्यात नेणार आहे, नवीन पोरींना नाक शिकवायला. त्याच दोरीमागं आमच्या संडासाचा गॅस पाइप आहे, चार इंची, वर मामानं बांधलेली जाळी. मी स्टूल घेऊन वर चढले, हात धरून बघितलं. हवा येत होती. तशीच राहू दिली.

काल मामाचा फोन आला. ते दुधनीला पोचले. एसटीनं आले, सोलापूर सोडताना मामीनं पाण्याची बाटली घेतली आणि वाटेत संपवली. एका स्टँडवर उतरून गेली, आणि बराच वेळ आली नाही, म्हणून मामा घाबरून बघायला गेला. ती बाहेरच्या खुर्चीवर बसलेल्या, पाच रुपये घेणाऱ्या माणसासमोर उभी होती, बोट वर करून त्याला छपरावरचा पाइप दाखवत होती.

"वर कापड कुनी बांदलंय?" ती विचारत होती. "काडा. टाकीला श्वास न्हाय तुमच्या."